महागाईचा अंदाज मशीन लर्निंगवर सोपवता येईल का? रिझर्व्ह बँकेचे अंदाज आणि एम.एस्सी.चा प्रकल्प

सांख्यिकी_सांगली

नमस्कार. मी सांगलीत एम.एस्सी. संख्याशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला शिकते आणि प्रकल्पासाठी महागाई दराचा मशीन लर्निंगच्या साहाय्याने अंदाज हा विषय घेतला आहे. विषय सुचला तो २०२५ सालच्या पतधोरणाच्या निवेदनांवरून. रिझर्व्ह बँकेने २०२५-२६ या आर्थिक वर्षातील सरासरी महागाईचा अंदाज फेब्रुवारीत ४.२ टक्के दिला होता. तो एप्रिलमध्ये ४, जूनमध्ये ३.७, ऑगस्टमध्ये ३.१, ऑक्टोबरमध्ये २.६ आणि डिसेंबरमध्ये २ टक्क्यांवर आला. ऑक्टोबर महिन्याचा प्रत्यक्ष दर तर ०.२५ टक्के निघाला. अंदाज वर्षभरातच निम्म्याहून खाली आला आणि प्रत्येक दुरुस्ती एकाच दिशेने झाली. दुरुस्त्या सतत एकाच दिशेने होत असतील, तर हाती असलेली माहिती मॉडेल पुरती वापरत नाही, असे आम्हांला वर्गात शिकवले आहे.

मी जानेवारी २०१२ ते डिसेंबर २०२४ या १५६ महिन्यांचे ग्राहक किंमत निर्देशांकाचे वार्षिक दर घेतले. सोबत रेपो दर, कच्च्या तेलाची किंमत, रुपया-डॉलर विनिमय दर आणि पावसाची आकडेवारी जोडली. यातील ८० टक्के ओळी यादृच्छिक पद्धतीने शिकवण्यासाठी आणि उरलेल्या २० टक्के चाचणीसाठी ठेवल्या. रँडम फॉरेस्टची (अनेक निर्णयवृक्षांच्या उत्तरांची सरासरी घेणारे तंत्र) चाचणीतील चूक अगदी किरकोळ येते, एलएसटीएमचीही (क्रमाने येणाऱ्या आकड्यांसाठीचे न्यूरल नेटवर्क) फार नाही, आणि अरिमा (मालिकेच्या मागच्या आकड्यांवरून पुढचा काढणारे जुने संख्याशास्त्रीय मॉडेल) दोघांच्याही मागे पडते.

मला विचारायचे आहे ते असे. मध्यवर्ती बँका प्रत्यक्ष अंदाजासाठी ही तंत्रे वापरतात का, आणि वापरत असतील तर वरच्यासारखे का घडते? माझा निकाल कितपत विश्वासार्ह मानावा? आणि आमच्या मार्गदर्शक मॅडमना प्रकल्पात स्थानिक आकडेवारी हवी आहे. त्यासाठी सांगलीच्या हळदीचे आणि लोणंदच्या कांद्याचे बाजारभाव चल म्हणून घेतले, तर त्यात काही अर्थ आहे का?


निवृत्त_प्राध्यापक_विश्रामबाग

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यावाचून बाकीच्या चर्चेला आधार नाही.

वार्षिक महागाई दर म्हणजे बारा महिन्यांतील भाववाढ. मार्च २०१९ चा दर हा मार्च २०१८ पासूनची भाववाढ सांगतो आणि एप्रिल २०१९ चा दर एप्रिल २०१८ पासूनची. या दोन आकड्यांत अकरा महिने सामाईक आहेत. तुमच्या यादृच्छिक विभागणीत मार्च आणि मे शिकवण्याच्या गटात गेले आणि एप्रिल चाचणीच्या गटात पडला, तर एप्रिलचे उत्तर मॉडेलला अलीकडून आणि पलीकडून जवळजवळ सांगून ठेवलेले असते. याला गाळलेली जागा भरणे म्हणता येईल. अंदाज म्हणता येणार नाही. अरिमा मागे पडते याचे कारणही यातच आहे. तिला बिचारीला पुढचा महिना पाहायची मुभा नसते.

पद्धत अशी ठेवा. २०१८ च्या अखेरपर्यंतची आकडेवारी घेऊन मॉडेल शिकवा, जानेवारी २०१९ चा अंदाज काढा, तो नोंदवा. मग जानेवारीचा खरा आकडा आत घ्या, पुन्हा शिकवा, फेब्रुवारीचा काढा, आणि असे पुढे सरकत जा. चलांचे प्रमाणीकरण करताना सरासरी आणि प्रमाण विचलनसुद्धा त्या दिवसापर्यंतच्याच आकड्यांवरून काढा, कारण संपूर्ण मालिकेची सरासरी वापरली की भविष्य तेवढ्या फटीतून आत येते. प्रकाशनाचे वेळापत्रकही पाळा. निर्देशांक पुढच्या महिन्याच्या १२ तारखेच्या सुमारास जाहीर होतो, तेव्हा महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बसून अंदाज करणाऱ्याजवळ मागच्या महिन्याचा आकडा नसतो.

तुलना कोणाशी करता, तेही महत्त्वाचे आहे. अँड्र्यू अ‍ॅटकेसन आणि ली ओहानियन यांनी २००१ साली अमेरिकेच्या आकडेवारीवर दाखवले होते की मागील चार तिमाहींची महागाई जशीच्या तशी पुढच्या वर्षाचा अंदाज म्हणून सांगितली, तरी बेरोजगारीवर आधारलेली फिलिप्स वक्राची मॉडेले तिच्यापुढे सरस ठरत नाहीत. म्हणून तुमच्या तक्त्यात पहिली ओळ 'काहीही न करणाऱ्या' अंदाजाची हवी, दुसरी ऋतुमान धरणाऱ्या साध्या मॉडेलची, आणि त्यानंतर तुमची यंत्रे. फरक दिसला, तर तो केवळ योगायोगाचा आहे का, हे डीबोल्ड-मारियानो चाचणीने तपासा.

आता ०.२५ टक्क्यांविषयी. रँडम फॉरेस्टमधले प्रत्येक झाड आपल्या पानात, म्हणजे फांद्यांच्या टोकाला उरलेल्या गटात, पडलेल्या जुन्या आकड्यांची सरासरी सांगते आणि जंगल त्या सरासऱ्यांची सरासरी. परिणामी त्याचे उत्तर शिकवलेल्या आकड्यांतील सर्वांत लहान आकड्याखाली कधीच जात नाही. डिसेंबर २०२४ पर्यंतच्या तुमच्या मालिकेतील नीचांक जून २०१७ चा, १.४६ टक्के आहे. म्हणजे २०२५ साली आकाशपाताळ एक झाले असते, तरी तुमच्या रँडम फॉरेस्टने १.४६ च्या खालचा आकडा दिला नसता. ज्या चुकीमुळे तुम्हांला विषय सुचला, ती चूक टाळण्यास तुमचे यंत्र रचनेनेच असमर्थ होते. यावर उपाय आहे: वार्षिक दराऐवजी निर्देशांकातील महिन्यागणिक बदलाचा अंदाज करा आणि त्यावरून वार्षिक दर गणिताने काढा. महिन्यागणिक बदल पूर्वी अनेकदा उणे झालेला आहे, त्यामुळे तो यंत्राच्या परिचयाचा आहे. शिवाय मागच्या वर्षीचा निर्देशांक आपल्याला माहीतच असतो. ऑक्टोबर २०२४ चा दर ६.२१ टक्के होता. एवढ्या उंच पायावर पुढच्या ऑक्टोबरचा दर खाली येणार, हे सांगायला कोणतेही यंत्र लागत नाही.

एलएसटीएम १५६ ओळींवर चालवण्याचा मोह आवरा. त्यातल्या वजनांची संख्या ओळींच्या कितीतरी पट असते. त्या ओळीही एका जातीच्या नाहीत. २०१३ च्या अखेरीस महागाई दोन अंकी होती. ४ टक्के अधिक-उणे २ हे लक्ष्य कायद्यात आले ते २०१६ साली. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला. आणि एप्रिल व मे २०२० चे आकडे तर टाळेबंदीत भाव गोळा करता न आल्यामुळे अनुमानाने भरलेले आहेत. ते दोन महिने काय करायचे, याचा निर्णय प्रकल्पात लिहून ठेवा. परीक्षक विचारतीलच.


सातारकर_मुंबईत

प्राध्यापकसाहेबांच्या जवळजवळ सर्व म्हणण्याशी सहमत आहे. मी मूळचा साताऱ्याचा, नोकरी मुंबईतील एका वित्तसंस्थेच्या संशोधन विभागात, आणि रोजचे काम असल्याच आकड्यांशी. वरचे उत्तर वाचून कोणाचा असा समज होऊ नये की ही तंत्रे कुचकामी आहेत. ब्राझीलमधील मार्सेलो मेडेरोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली अमेरिकेच्या महागाईवर प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शंभराहून अधिक चलांसह रँडम फॉरेस्टनेच जुन्या पद्धतींना मागे टाकले होते. अर्थात त्यांच्याजवळ अनेक दशकांची मासिक आकडेवारी होती. आपल्याजवळ ती नाही, हा आपल्या मालिकेचा दोष आहे, तंत्राचा नाही.

पहिल्या प्रश्नाकडे येतो. बँक ऑफ इंग्लंडने मध्यवर्ती बँकांतील मशीन लर्निंगवर २०१७ सालीच सविस्तर शोधनिबंध काढला होता. रिझर्व्ह बँकेच्या वर्किंग पेपर मालिकेतही २०१९ मध्ये भारतातील महागाईवर या पद्धती वापरून पाहिलेल्या आहेत, आणि बातम्यांच्या मजकुरावरून खाद्यपदार्थांच्या भावांचा कल ओळखण्याचे प्रयोग तिच्या बुलेटिनमध्ये आले आहेत. मात्र धोरणासाठी लागणारा वर्ष-दीड वर्षापुढचा अंदाज मुख्यतः तिमाही प्रक्षेपण मॉडेलच्या चौकटीत उभा राहतो. त्या चौकटीत मागणी, महागाईविषयीच्या अपेक्षा, विनिमय दर आणि व्याजदर एकमेकांशी समीकरणांनी जोडलेले असतात. त्याच्या अलीकडचे एक-दोन तिमाहींचे अंदाज अनेक साधने, सर्वेक्षणे आणि जाणकारांचा निर्णय यांच्या मिश्रणातून येतात. यंत्रांना खरा वाव आहे तो या अलीकडच्या टप्प्यात.

या विभागणीमागे तांत्रिक कारण आहे, तसे कायद्याचेही आहे, आणि दुसऱ्याकडे अभियांत्रिकीकडून आलेली मंडळी सहसा लक्ष देत नाहीत. रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम ४५ झेडएमनुसार बँकेला दर सहा महिन्यांनी पतधोरण अहवाल प्रसिद्ध करावा लागतो, आणि त्यात पुढील ६ ते १८ महिन्यांच्या महागाईच्या अंदाजाबरोबर महागाईची कारणेही सांगावी लागतात. पतधोरण समितीच्या सहा सदस्यांपैकी कोणी कसे मत दिले आणि का, हे बैठकीनंतर चौदाव्या दिवशी इतिवृत्तात छापून येते. 'यंत्र म्हणाले म्हणून' असे त्या इतिवृत्तात कोणी लिहू शकेल, असे मला वाटत नाही.

एक उदाहरण जवळून पाहू. जून २०२३ चा महागाई दर ४.८७ टक्के होता आणि जुलैचा ७.४४ टक्के. एका महिन्यात अडीच टक्क्यांहून मोठी उडी. कारण टोमॅटो, आणि त्यापाठोपाठ बाकीचा भाजीपाला. २०१२ पायाभूत वर्षाच्या मालिकेत टोमॅटोचा भार (निर्देशांकातला शंभरांपैकी वाटा) अवघा ०.५७ आणि सगळ्या भाजीपाल्याचा मिळून ६.०४ आहे, तरीही भाजीपाल्याचे भाव वर्षाच्या तुलनेत ३७ टक्क्यांहून अधिक वाढल्यामुळे एकूण आकडा उसळला. ज्या मॉडेलला केवळ जूनपर्यंतचे मासिक निर्देशांक दिले होते, त्याने जुलैसाठी ५ टक्क्यांच्या आसपासचाच आकडा सांगितला असता, मग ते रँडम फॉरेस्ट असो की आणखी काही. परंतु ग्राहक व्यवहार विभाग जीवनावश्यक वस्तूंचे किरकोळ भाव दररोज गोळा करतो, आणि जुलैच्या पहिल्या पंधरवड्यातच त्या तक्त्यात टोमॅटो कुठे चालला आहे, ते दिसत होते. दैनंदिन भाव, आवक, पाऊस, बातम्या असा वेगवेगळ्या गतीने येणारा ढीगभर कच्चा माल चाळून 'चालू महिन्याचा आकडा किती लागेल' हे सांगणे, म्हणजे ज्याला नाऊकास्टिंग म्हणतात ते, यंत्रांना छान जमते. १४ ऑगस्टला अधिकृत आकडा येण्यापूर्वी, १० ऑगस्टच्या पतधोरणातच रिझर्व्ह बँकेने जुलै-सप्टेंबर तिमाहीचा अंदाज ५.२ वरून ६.२ टक्के केला होता.

त्याच बैठकीत रेपो दर मात्र ६.५ टक्क्यांवर कायम ठेवला. भाजीपाल्याची उडी नवे पीक आले की विरते, तिच्यासाठी व्याजदर वाढवून उपयोग नाही, असा तो निर्णय होता, आणि सप्टेंबरचा दर ५.०२ टक्क्यांवर आला. आकडा वर जाणार हे यंत्र सांगू शकते. त्या आकड्याकडे किती लक्ष द्यायचे, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर उडीच्या कारणावर अवलंबून असते.

२०२५ च्या एकाच दिशेने झालेल्या दुरुस्त्यांबद्दल तुमचे निरीक्षण बरोबर आहे. निष्कर्ष थोडा सौम्य करा. फेब्रुवारी २०२२ मध्ये बँकेने २०२२-२३ साठी ४.५ टक्के सांगितले होते आणि प्रत्यक्ष सरासरी ६.७ टक्के आली, म्हणजे तेव्हा चूक उलट्या बाजूला होती. त्या महिन्याच्या अखेरीस युक्रेनचे युद्ध सुरू झाले. २०२५ मध्ये पाऊस सरासरीच्या १०८ टक्के झाला, भाजीपाला कोसळला आणि २२ सप्टेंबरपासून वस्तू व सेवा कराचे दर उतरले. करकपातीची घोषणा स्वातंत्र्यदिनी झाली, हे कोणत्याही जुन्या मालिकेत लिहिलेले नसते. कोणत्या वस्तूवरचा कर किती उतरला आणि त्या वस्तूचा भार किती, याचा हिशेब करायला बसलेला माणूस अशा वेळी यंत्रापुढे राहतो.

नाऊकास्टिंगलाही ठेच लागते, तीही सांगून ठेवतो. न्यूयॉर्क फेडने (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेची न्यूयॉर्क शाखा) महासाथीतील उलथापालथीमुळे आपला आर्थिक वाढीचा साप्ताहिक नाऊकास्ट सप्टेंबर २०२१ मध्ये थांबवला आणि मॉडेल नव्याने बांधून दोन वर्षांनी पुन्हा सुरू केला. अटलांटा फेडचे जीडीपीनाऊ हे मॉडेल मार्च २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेच्या पहिल्या तिमाहीचा विकासदर उणे २.८ टक्के दाखवत होते. आयात शुल्काच्या भीतीने तिथे सोन्याची प्रचंड आयात झाली होती. मॉडेलने ती इतर आयातीसारखी वजा केली. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात गुंतवणुकीसाठी आणलेले सोने तसे धरत नाहीत, आणि पहिला अधिकृत आकडा उणे ०.३ टक्के आला. विट्याच्या गलाईवाल्यांना, म्हणजे सोने-चांदी गाळणाऱ्यांना, सोने-सोन्यातला हा फरक लगेच कळला असता, असे माझे आपले मत.


अडत_दुकान_मार्केट_यार्ड

ताई, तिसऱ्या प्रश्नाचे माझ्यापरीने उत्तर देतो. सांगलीच्या यार्डात आमच्या घराण्याची हळदीची अडत आहे. संख्याशास्त्र मला कळत नाही, पण बाजार समितीचे तक्ते कसे भरले जातात ते ठाऊक आहे.

त्या तक्त्यात आवक, किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर असे रकाने असतात. ज्या दिवशी सौदे नाहीत, त्या दिवशी भाव कोरा असतो. सण असेल, हमालांचे काम बंद असेल, पुराचे पाणी आले असेल, मार्चअखेरचे हिशेब चालू असतील; कारणे अनेक आणि तक्त्यात त्यातले एकही लिहिलेले नसते. कोऱ्या जागी तुमच्या संगणकाने शून्य भरले, तर त्या दिवशी हळद फुकट गेली, असे तो समजेल. मागचा भाव पुढे ओढला, तरी फसगत होते, कारण बंद उघडल्यावर पहिल्या सौद्याला साचलेला सगळा माल एकदम येतो आणि भाव त्या दिवसापुरता वेगळाच निघतो.

सर्वसाधारण दरात प्रत मिसळलेली असते. राजापुरी हळकुंड, गट्टू, कणी यांचे भाव एकमेकांपासून फार लांब असतात. हंगामाच्या सुरुवातीला ओलसर माल जास्त येतो, नंतर पॉलिशचा चांगला माल येतो. सर्वसाधारण दर वाढला, म्हणजे हळद महागली असे नेहमीच नसते. कधी फक्त चांगली हळद जास्त आलेली असते. शिवाय आमच्या यार्डात येणारा माल सांगली जिल्ह्यापुरता नाही, कर्नाटकातूनही येतो. त्यामुळे सांगलीचा पाऊस घेऊन सांगलीच्या हळदीचा भाव समजेल, असे धरून चालू नका.

घरात महिन्याला हळद लागते किती? तिच्यामुळे देशाची महागाई हलेल, असे मला वाटत नाही. कांद्याची गोष्ट निराळी. लोणंदच्या बाजारावर कांदा चढला की आठ-दहा दिवसांत गल्लीतल्या गाड्यावर तो चढलेला दिसतो. उतरताना मात्र गाडीवाला घाई करत नाही. तुम्हांला स्थानिक काही हवे असेल, तर घाऊक आणि किरकोळ भावांतले हे अंतर धरा.


सांख्यिकी_सांगली

सर्वांचे मनापासून आभार. सरांनी सांगितल्याप्रमाणे महिन्यागणिक बदलावर आणि पुढे सरकत जाणाऱ्या पद्धतीने गणित नव्याने मांडले. एक महिना पुढच्या अंदाजात रँडम फॉरेस्ट साध्या ऋतुमानाच्या मॉडेलपेक्षा थोडे बरे ठरते, बारा महिने पुढच्या अंदाजात ठरत नाही. एलएसटीएम प्रकल्पातून काढून टाकले आहे. काका, कोऱ्या दिवसांसाठी सौदा झाला की नाही, असा वेगळा रकाना केला आहे आणि हळदीऐवजी कांदा घेतला आहे.

एक नवी अडचण उभी राहिली आहे. कोणत्या चलाचा अंदाजात किती वाटा आहे, हे पाहण्यासाठी शेप्ली मूल्ये काढली. त्यांत रेपो दर जास्त असला की महागाईचा अंदाज वर सरकतो. पाठ्यपुस्तक तर म्हणते की व्याजदर वाढवल्याने महागाई कमी होते. प्रकल्पात हे कसे लिहावे?


निवृत्त_प्राध्यापक_विश्रामबाग

प्रकल्पातील सर्वांत वाचनीय पान हेच होईल, तेव्हा ते लपवू नका. एप्रिल २०२२ मध्ये महागाई ७.७९ टक्के होती, आणि मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला गेला. तुमच्या मालिकेत चढा रेपो दर आणि चढी महागाई शेजारी शेजारी बसलेले आहेत, कारण महागाई दिसली किंवा येताना दिसली म्हणूनच दर वाढवले गेले. यंत्राने शेजार पाहिला. कोणामुळे कोण आले, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. शेप्ली मूल्ये मॉडेलने काय शिकले, ते सांगतात; जग कसे चालते, ते सांगण्याचे काम त्यांचे नाही.

सांगलीकरांना हे कोयनेवरून चटकन समजेल. पाणलोटात अतिवृष्टी होणार असा इशारा मिळाला आणि धरण प्रशासनाने आधीपासून टप्प्याटप्प्याने विसर्ग करून जागा मोकळी ठेवली, तर पाऊस कोसळूनही आयर्विन पुलापाशी कृष्णा ४० फुटांच्या इशारा पातळीखाली राहू शकते. तक्त्यात त्या वर्षाची नोंद 'पाऊस भरपूर, पूर नाही' अशी होईल. दरवाजे कधी आणि कशासाठी उघडले, हे ज्याला माहीत नाही, ते मॉडेल अशा नोंदींवरून एवढेच शिकेल की महाबळेश्वर-नवजाच्या पावसाचा सांगलीच्या पुराशी संबंध नाही. काम जितके चोख, तितका आकडेवारीतला संबंध फिका. पतधोरणाचेही तसेच आहे, आणि तिथे आणखी एक गुंता आहे: नदी अंदाज ऐकत नाही, माणसे ऐकतात. बँकेने पुढच्या वर्षी महागाई वाढेल असे जाहीर केले की व्यापारी, पगाराची बोलणी करणारे आणि रोखे बाजारातील लोक त्यानुसार वागू लागतात. धोरण बदलले की जुन्या आकडेवारीतील संबंधही बदलतात, हे रॉबर्ट ल्युकास यांनी १९७६ साली मांडले आणि त्यानंतरची मध्यवर्ती बँकांची मॉडेले बऱ्याच अंशी त्या आक्षेपाला उत्तर म्हणून बांधलेली आहेत.

म्हणून दोन प्रश्न वेगळे ठेवा. 'पुढच्या महिन्यात महागाई किती असेल?' याला तुमचे यंत्र चालेल, आणि तिथे रेपो दर हा चल म्हणून ठेवला, तरी बिघडत नाही. 'रेपो दर पाव टक्क्याने वाढवला, तर वर्षानंतर महागाई किती असेल?' हा पतधोरण समितीचा प्रश्न आहे, आणि तुमच्या रँडम फॉरेस्टला तो विचारता येत नाही. त्यासाठी दरातील अनपेक्षित भाग वेगळा काढावा लागतो. तो निराळा विषय आहे आणि पदव्युत्तर प्रकल्पाच्या आवाक्याबाहेरचा आहे.


सातारकर_मुंबईत

सरांच्या शेवटच्या परिच्छेदाशी पूर्ण सहमत, म्हणून त्यावर काही लिहीत नाही. दोन व्यावहारिक सूचना तेवढ्या करतो.

अंदाज एकाच आकड्यात देऊ नका. रिझर्व्ह बँकेच्या अहवालात पंख्याच्या आकाराचा आलेख असतो, तो पुढे जाताना रुंदावत जाणारी अनिश्चितता दाखवतो. रँडम फॉरेस्टमधून असा पट्टा काढता येतो: पानातील आकड्यांची केवळ सरासरी न घेता त्यांचे दहावे आणि नव्वदावे शतमक घ्यायचे. युरोपियन सेंट्रल बँकेच्या संशोधकांनी युरो क्षेत्राच्या महागाईसाठी याच जातीची पद्धत वापरली आहे. मग तपासा की प्रत्यक्ष आकडा त्या पट्ट्यात दहापैकी आठ वेळा पडतो का. बहुतेक प्रकल्पांत पट्टा फाजील आत्मविश्वासाने अरुंद निघतो, आणि सरांनी सांगितलेल्या कारणाने रँडम फॉरेस्टचा पट्टाही जुन्या आकड्यांच्या कुंपणाबाहेर जात नाही.

दुसरी सूचना कांद्याच्या बाबतीत. लोणंदचा भाव थेट देशाच्या महागाईला जोडू नका. २०१२ च्या मालिकेतील निर्देशांकासाठी भाव १,१८१ गावांतून आणि शहरांतील १,११४ बाजारांतून गोळा होत असत. त्यात एका बाजार समितीचा आवाज ऐकू येणार नाही. त्याऐवजी लोणंदच्या घाऊक भावावरून महाराष्ट्रातील कांद्याच्या किरकोळ भावाचा पंधरवड्यापुढचा अंदाज करा. अडतवाल्या काकांनी चढताना लवकर आणि उतरताना सावकाश असे जे सांगितले, ते सरळ रेषेच्या मॉडेलमध्ये बसत नाही. झाडांवर आधारलेल्या मॉडेलमध्ये ते बसू शकते, आणि दैनंदिन भाव असल्यामुळे ओळींची टंचाईही नाही. तो अंदाज हाती आला की त्याला कांद्याच्या ०.६४ या भाराने गुणून एकूण निर्देशांकावर किती परिणाम होईल, हे दाखवता येते. मात्र हा भार २०१२ च्या मालिकेतला आहे. आता २०२४ पायाभूत वर्षाची नवी मालिका आली आहे आणि तीत खाद्यपदार्थांचा एकूण भार कमी झाला आहे. प्रकल्पाची मालिका डिसेंबर २०२४ च्या पुढे नेणार असाल, तर नवे भार कोणत्या महिन्यापासून वापरले आणि दोन मालिका कोणत्या गुणकाने जोडल्या, हे परिशिष्टात लिहा.